गोगलगायी मीच सोडल्या

त्यांनी माझ्या पायाखाली गोणपाट घातलं.

पोर्ट लुईच्या त्या सभागृहाची लाकडी जमीन मेण लावून घासलेली होती आणि माझे पाय अनवाणी होते. दारावरच्या शिपायाने आधी माझे पाय पाहिले, मग आत जाऊन तांदळाचं रिकामं पोतं आणलं आणि टेबलाच्या बाजूला अंथरलं. यावर उभी राहा, बाहेर पाऊल टाकू नकोस, म्हणाला. मग माझ्या हातात एक लाकडी तबक दिलं. तबकात कापूस, कापसावर गोगलगायींचे शंख. करंगळीच्या नखाएवढे. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी.

समोर साहेब लोक बसले होते. विद्वान. कुठला जीव कुठल्या डोंगरावर राहतो, पलीकडच्या डोंगरावर का राहत नाही, एका जिवाचे दोन जीव कसे होतात, याचा विचार करणारे. बेटावरचे होते, जहाजाने आलेलेही होते. वर्षातून एकदा त्यांची मोठी सभा भरायची. जो तो आपला शोध वाचून दाखवायचा आणि ज्याचा शोध सर्वांत मोठा ठरेल त्याला सोन्याचं पदक मिळायचं. त्या वर्षी ते माझ्या मालकाला मिळणार होतं. आम्ही नोकर त्याला मिस्ये म्हणायचो.

मिस्ये निबंध वाचत होता. मध्येच पुढच्या रांगेतला एक जाडा साहेब उठला. त्याच्या हातात शंखाची रुंदी मोजायचा पितळी चिमटा होता. त्याने तबकातले दोन शंख मोजले. मग चिमटा तसाच वर नेला आणि माझ्या डोक्याला लावला. एक टोक ह्या कानशिलाला, एक त्या. पितळ गार होतं. त्याने आकडा वाचला, शेजारच्याने वहीत उतरवला. पुढे "मालबार बाई" असंही लिहायला सांगितलं. हिंदुस्थानातून आलेल्या आम्हा सगळ्यांना ते मालबारच म्हणतात. मला कोणी काही विचारलं नाही. डोकं हलवलं तर शंख सांडतील, म्हणून मी डोकं हलवलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आता मागचं सांगते.

मी रत्नागिरीकडची, कुणब्याची. गावात खोताच्या ओटीवर आम्ही कधी चढलो नाही, अंगणातच उभे राहायचो. पण बियाण्याचं भात बांधायला खोताला आमचेच हात लागायचे. पेंढ्याची मुडी वळायची, तिच्यात बी भरायचं, वरून सुंभ आवळायचा. खाऱ्या जमिनीचं बी वेगळं, गोड्या जमिनीचं वेगळं. ते एकत्र झालं की वर्ष बुडालंच. म्हणून सुंभाला गाठी मारायच्या. ह्या खाचराची एक गाठ, त्या खाचराच्या दोन, पलीकडच्याच्या तीन. माझी आई डोळे मिटून नुसत्या बोटांनी ओळखायची. मलाही ते जमायला लागलं होतं.

नवऱ्याबरोबर मी ह्या बेटावर आले. रोझ बेलच्या उसाच्या मळ्यात आम्हाला टाकलं. दुसऱ्या वर्षी नवरा तापाने गेला. मला जनावरांसाठी गवत कापायला लावलं. मिस्ये तिथे मळेवाल्याचा पाहुणा म्हणून आला होता आणि गुडघाभर चिखलात गोगलगायी शोधत होता. आम्हाला हसू यायचं. एवढा मोठा साहेब आणि धुंडाळतो काय, तर गोगलगायी! मला तर त्या रोज विळ्याखाली सापडायच्या. मी त्याला ओंजळभर नेऊन दिल्या. तो महिन्याभरात मला करारावर आपल्या घरी घेऊन गेला, मोका गावी.

काम मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? डोंगर चढायचे, दगड उलटायचे, झाडाच्या मुळाशी हात घालायचा. आमच्याबरोबर गाडीवान भिवातात्या असायचा. तोही रत्नागिरीचाच, माझ्या बापाच्या वयाचा. मी सापडलेल्या गोगलगायी केवड्यासारख्या एका पानात बांधायची, इथे त्या झाडाला व्हाकोआ म्हणतात. आणि सवयीने गाठी मारायची. अंगठ्यासारखा सुळका असलेल्या मोकाच्या डोंगराची एक गाठ. ग्राँ पोरकडच्या, सिंहासारख्या डोंगराच्या तीन.

मिस्ये घरी येऊन सगळी पुडकी एका परातीत ओतायचा. मग रंगावरून, आकारावरून वेगळ्या करत बसायचा. माझा जीव खालीवर व्हायचा. मी त्या परत निवडून डोंगराप्रमाणे मांडायची. आधी तो हसला. हे सगळं एकच आहे, म्हणाला. मी त्याला दाखवलं. सिंहाच्या डोंगरावरच्या गोगलगायीच्या तोंडाशी तांबडी रेघ असते, दोऱ्यासारखी. मोकाच्या डोंगरावर तशी एकही नाही. तो भिंग घेऊन दुपारभर बसला. त्या दिवसानंतर त्याने परात वापरली नाही. माझ्या गाठी त्याच्या वहीत गेल्या. चिठ्ठ्यांवर "शोधणारा" म्हणून त्याचं नाव यायचं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याचं काही वाटलंही नाही.

मग श्रावण आला. इथे श्रावण थंडीत येतो. कोणी म्हणतं आज सुरू झाला, कोणी म्हणतं आठ दिवसांनी. भिवातात्या चंद्र बघून सांगायचा आणि आम्ही चारपाच मराठी घरं तेच धरायचो. एका रविवारी आम्ही सिंहाच्या डोंगरावरून आलो. माझ्याजवळ तीन गाठींचं पुडकं होतं, दोन मुठी भरतील एवढ्या जिवंत गोगलगायी. सोमवारी सकाळी मिस्येने सांगितलं, उकळून काढ. तसंच करायचे. उकळत्या पाण्यात टाकायच्या, सुईने जीव ओढून काढायचा, शंख वाळवायचा. एरवी मी ते मुकाट्याने केलं होतं. पण श्रावणी सोमवार, पोटात अन्न नाही, आणि मी चुलीवर पाणी ठेवून जीव घेत बसायचं? माझा हात उचलेना.

मी पुडकं घेऊन घरामागे गेले, मोकाच्या डोंगराच्या पायथ्याशी. ओहोळ होता, नेच्याची झुडपं होती. तिथे ओल बघून सगळ्या सोडून दिल्या. मिस्येला सांगितलं, पुडकं वाटेत सुटलं, सगळ्या पडल्या. त्याने मला वाट्टेल तसं बोलून घेतलं आणि सिंहाच्या डोंगरावरचं पुडकं वाटेत गेलं, असं तारखेसकट वहीत लिहून ठेवलं. मी खोटं बोलले. ह्या सगळ्यातलं पहिलं खोटं माझं, हेही लिहिते.

माझी चूक मला कळायला पाहिजे होती. खाऱ्या जमिनीचं बी गोड्या जमिनीत जाऊ द्यायचं नाही, हे मला आईने शिकवलं होतं. गोगलगायींच्या बाबतीत ते डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, जीव वाचवला, पुण्य झालं.

दीड वर्षाने मिस्येला त्या सापडल्या. नेच्याखाली, पिल्लांसकट. तांबड्या रेघेच्या. तो अंगणात ओरडतच आला, मादामला, म्हणजे त्याच्या बायकोला, मिठी मारली. मिठी बघून आम्ही नोकर माना खाली घालून उभे. मग रोज जेवणाच्या टेबलावर तेच. मी वाढायची आणि ऐकायची. गोगलगाय नदी ओलांडत नाही, ऊन सोसत नाही. मग ही एवढ्या लांबच्या दोन डोंगरांवर कशी? तर पूर्वी हे दोन्ही डोंगर एकच होते, मधली जमीन खचली, आणि हे जीव त्या जुन्या डोंगराचे वारस. असा त्याचा शोध. विलायतेला पत्रं गेली, तिकडून पत्रं आली. बेटावर कोणीही भेटायला आलं की त्याला नेऊन ओहोळ दाखवायचा.

माझी झोप उडाली. एक खोटं मी चुलीपाशी बोलले होते, आणि त्याच्यावर ह्या माणसाने अख्खा डोंगर बांधला होता. भिवातात्याला सगळं माहीत होतं, पुडकं घरापर्यंत त्याच्याच गाडीतून आलं होतं. तो म्हणाला, "बाय, गप ऱ्हा. डोंगर एक व्हता का दोन व्हते, आपलं काय जातंय?"

पण मला राहवेना. निबंध सभेला जायच्या आधी मी मिस्येच्या खोलीत गेले आणि सांगितलं. श्रावण, उपास, नेचा, सगळं. तो लिहिता लिहिता थांबला. मला वाटलं मारतो आता. त्याने मारलं नाही. तारीख विचारली, कुठला महिना विचारलं. भिवातात्याला बोलावून तेच विचारलं आणि तात्याने मान डोलावली. मग आम्हाला जा म्हणाला.

त्या दुपारी तो स्वयंपाकघरात आला. तीन वर्षांत त्याने तिथे पाऊल ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. हातात वहीचं फाडलेलं पान होतं. चुलीत टाकलं, जळेपर्यंत उभा राहिला. मी भांडी घासत होते. पानावर काय होतं ते मला वाचता आलं नसतं. पण मला कळायचं ते कळलं. मी सांगितलं ते त्याला पटलं होतं. पटलं म्हणूनच ते पान जळत होतं.

आणि तरी तो मला सभेला घेऊन गेला. तबक धरायला. त्याला वाटलं, ही काय बोलणार?

तर ते गोणपाट, तो चिमटा. निबंध संपला, टाळ्या झाल्या. मग शेवटच्या रांगेतून एक म्हातारा साहेब उठला. जहाजाने आलेला पाहुणा होता. त्याने विचारलं की हे प्राणी कोणी आणून तिथे सोडले असण्याचा संभव आहे का. फ्रेंच मला घरकामात पुष्कळ कळायला लागली होती. मिस्ये म्हणाला, माझ्या जागेत सिंहाच्या डोंगरावरची एकही जिवंत गोगलगाय कधी आली नाही. स्वच्छ आवाजात म्हणाला. छातीवर हात ठेवून.

म्हातारा माझ्याकडे वळला. शोधायला ही बाई बरोबर असते ना, हिला विचारावं, म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कानशिलावर अजून पितळ जाणवत होतं. मी तबक टेबलावर ठेवलं आणि गोणपाटावरून खाली उतरले. मेणाची जमीन पायाला गुळगुळीत लागली. मी क्रिओलमध्ये, बेटावरच्या रोजच्या बोलीत बोलले, म्हणजे सगळ्यांना कळेल.

"मो मेम मो फिन मेत झोत ला."

मीच त्या तिथे ठेवल्या.

 मग मिस्ये हसला. म्हणाला, "हे लोक गाय पुजतात, नाग पुजतात, दगड पुजतात. उद्या ही म्हणेल, डोंगरसुद्धा मीच ठेवला." सभागृह हसायला लागलं. शिपाई माझ्या दंडाला धरून मला गोणपाटावर परत न्यायला लागला. मी गेले नाही. मी दाराकडे चालायला लागले. मागून चिमटेवाल्या साहेबाचं हसणं सगळ्यांत मोठं ऐकू येत होतं.

म्हातारा मात्र हसला नाही. त्याने अट घातली. त्या बाईचं म्हणणं लेखी घ्या, तिची खूण घ्या, तोवर पदक थांबवा. सभेला ते मान्य करावं लागलं.

म्हणजे पदक आता माझ्या हातात होतं. माझ्या एका फुलीत.

कागद मिस्येनेच लिहून आणला. मला वाचून दाखवला. मी एकही गोगलगाय सोडली नाही, सभेत मी घाबरून वेडंवाकडं बोलले, असं त्यात होतं. खाली फुलीसाठी जागा. आमच्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नाही म्हणून प्रत्येक कागदावर आम्ही फुलीच मारायची. कराराला फुली, मळ्याबाहेर फिरायच्या पासाला फुली, नवरा मेला तेव्हा त्याच्या कागदालाही मी फुलीच मारली होती.

आधी तो गोड बोलला. इतका गोड तो माझ्याशी तीन वर्षांत बोलला नव्हता. फुली मार, मी तुला जहाजावर बसवतो, मुंबईपर्यंतचं सगळं माझ्याकडे, म्हणाला. त्याला माहीत होतं माझी आई अजून आहे. गावाकडून आलेल्या एका माणसाने निरोप आणला होता, तो मीच त्याला कौतुकाने सांगितला होता. त्या क्षणी मला आईचं अंगण दिसलं. मी खोटं सांगणार नाही, माझा हात लेखणीकडे गेला.

मग मला वाटलं, आईला काय सांगू? कशी आलीस विचारील. मी काय सांगू?

मी हात मागे घेतला. म्हणाले, मारणार नाही.

मग त्याचं गोड संपलं. करार मोडतो, पास मिळणार नाही, पोलीस वागाबों म्हणून धरतील, म्हणाला. वागाबों म्हणजे बिनकामाचे, बेवारशी भटकणारे. बेटावर आमच्या माणसाला ह्या शब्दाइतकी भीती दुसऱ्या कशाची नाही. मी परत नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. मला फाटकाबाहेर काढलं.

धरलंच मला. दुसऱ्या दिवशी मोकाच्याच रस्त्यावर धरलं. कोंडवाड्यात घातलं, दगड फोडायला लावले. तिथल्या बायकांना मी गोगलगायींची गोष्ट सांगितली तर त्यांनी कपाळाला हात लावला. गोगलगायींपायी कोणी आत येतं का, म्हणाल्या. तिथून सुटले आणि परत रोझ बेलला आले, उसात. माझी जागा मला तेवढीच ठेवलेली होती.

पण मी फुली मारली नव्हती. उसाच्या पातीने हात चिरायचे आणि मी मनात म्हणायची, मारली नाही. त्याच्यावर मी चार महिने काढले.

मग एका रविवारी भिवातात्या आला. मिस्येने त्याला गाडी घेऊन मळ्यावर पाठवलं होतं. माझ्या खोपटाबाहेर बसला, पाणी प्यायला, वर बघेना. मी विचारलं, पदकाचं काय झालं?

"मिळालं," म्हणाला.

कसं मिळालं? माझी खूण नव्हती.

तो पायाच्या बोटाने माती उकरायला लागला. मग म्हणाला, "फुली माझ्या हातची हाय, बाय."

मी म्हटलं, "कागदावरचं माझं नाव वाचून दाखवलं व्हतं तुला?"

"व्हय. दाखवलं व्हतं." मग म्हणाला, "माझा पास त्याच्या टेबलावर ठेवला व्हता. मी म्हातारा मानूस. मला दगड फोडवतील का?"

मी त्याला जेवायला घातलं नाही. बापासारखा माणूस, उन्हातून आलेला, उपाशी परत गेला. त्याचं मला वाईट वाटतं आणि तरी मी ते परत करीन. तो एकटाच दोषी होता असं नाही. पण मला ज्या एका गोष्टीचा आधार होता ती त्याने एका रेघेवर दुसरी रेघ मारून संपवली. कोणालाही मारता येते फुली. माझी, त्याची, मेलेल्या माणसाची. सगळ्या सारख्याच दिसतात. आमच्या हातात त्यांनी हीच एक खूण दिली, आणि ती का दिली ते मला त्या दिवशी समजलं.

रोझ बेलला दर रविवारी एक म्हातारे गृहस्थ पोथी वाचतात. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मला पोथी नको, अक्षरं शिकवा. बायकांना काय करायचीत, म्हणाले. मी उठले नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी राखेत अ काढून दिला. दिवसभर ऊस तोडून बोटं वळायची नाहीत. मात्रा एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. वर्ष गेलं. आता हे जे तुम्ही वाचताय ते माझ्या हातचं आहे. वाकडं आहे, पण माझंच आहे.

मिस्येचं पुस्तक निघालं असं ऐकते. दोन डोंगर एक होते असं त्यात छापलंय म्हणतात. त्या तांबड्या रेघेच्या गोगलगायीला त्याने मादामचं नाव दिलंय. लांबलांबचे विद्वान ते वाचतील, त्याच्यावर आपले निबंध लिहितील, त्यांनाही पदकं मिळतील. मोकाच्या ओहोळात त्या गोगलगायींची पिल्लं वाढतच असणार. चूक माझी होती, मी ती कोणाच्या गळ्यात घालत नाही. पण ती माझी चूक आहे. तिच्यावर दुसऱ्याने सोन्याचं पदक लावून फिरायचं आणि मला वेडी ठरवायचं, हे मी चालू देणार नाही.

पुढच्या महिन्यात सभा आहे. मी एक कागद केला आहे. कुठला डोंगर, कुठला सोमवार, किती मुठी, कुठल्या नेच्याखाली, वहीचं पान कोणी जाळलं, फुली कोणाकडून मारून घेतली, सगळं लिहिलं आहे. खाली फुली नाही. पूर्ण नाव आहे, माझं आणि माझ्या बापाचं. मळ्यातून सुट्टी मिळणार नाही, म्हणजे पास नसताना जावं लागेल. परत धरतील. धरू देत. दगड कसे फोडायचे ते मला आता येतं.

पोर्ट लुईला पायी जाईन. ह्या वेळी कोणी विचारायची वाट बघणार नाही. आधी माझ्या भाषेत वाचीन, मग त्यांना कळेल अशा भाषेत सांगीन. आत घेतलं नाही तर दारात उभी राहून वाचीन.